आवक-जावक

बिघाडांनाही स्वभाव असतात. मिक्सर बिघडला की जळका वास सोडतो, पंखा बिघडला की कुरकुरतो, आणि रिक्षा बिघडली तर ती ड्रायव्हरच्या आधी सगळ्या चौकाला सांगून टाकते. ही बोलकी मंडळी. दुखणं कुठे आहे ते स्वतःच सांगतात, आपण फक्त कान द्यायचा. नेटवर्कचा बिघाड मात्र खानदानी अबोल. तो आला हे कळतं तेसुद्धा पडद्यावरचं गोल चाक नेहमीपेक्षा जास्त प्रदक्षिणा घालू लागलं म्हणून. धूर नाही, ठिणगी नाही, तक्रार नाही. राउटरचे हिरवे दिवे सुखानं लुकलुकत असतात आणि तरीही काहीतरी, कुठेतरी, पोचत नसतं. त्यातही व्हीपीएनचा बिघाड म्हणजे अबोल्यावर मौनव्रत. ओपन सोर्स व्हीपीएन सॉफ्टवेअरांतले असले बिघाड हुडकून दुरुस्त करण्यात माझ्या बऱ्याच संध्याकाळी जातात. याचे पैसे मिळत नाहीत. हा छंद आहे की व्यसन, याबद्दल घरात दोन मतं नाहीत.

व्हीपीएनच्या वाटेला सगळे बोगदा म्हणतात. हे ऐकलं की मला बोरघाट आठवतो. लहानपणी मुंबईहून पुण्याला येताना बोगदा आला की डब्यातली सगळी पोरं एकमेकांना न विचारता एकदम ओरडायची. कुणी शिकवलेलं नसायचं. १८६३ साली तो घाट गाडीसाठी खुला झाला, तेव्हाची पोरंही ओरडली असणार. मग दूरवर उजेडाचा एक रुपया दिसायचा, तो वाढत वाढत ताटाएवढा व्हायचा, आणि सगळे एकदम शहाण्यासारखे गप्प बसायचे. व्हीपीएनच्या बोगद्यात ही मजा नाही, कारण बोगदाच नाही. डोंगर नाही, कमान नाही, पलीकडचा रुपया नाही. असतं ते इतकंच, की तुमच्या संगणकातून निघालेलं प्रत्येक पॅकेट कुलूपबंद करून दुसऱ्या पॅकेटाच्या पोटात घालायचं आणि चारचौघांच्याच रस्त्यावर सोडून द्यायचं. प्रत्येक प्रवासी आपापला बोगदा अंगाभोवती गुंडाळून गर्दीतून चाललेला. इतकी विलक्षण कल्पना रोज सकाळी लाखो लोक एक बटण दाबून अमलात आणतात आणि वर म्हणतात, आज जरा स्लो आहे.

ही गुंडाळी विणणारे लोकही प्रवासीच. जेम्स योनान मध्य आशियात भटकत असताना त्यांना ऑफिसच्या कामासाठी परक्या, भरवसा नसलेल्या जाळ्यांतून जोडणी करावी लागे. त्या अस्वस्थतेतून २००१ साली ओपनव्हीपीएन जन्माला आलं. पुढे जेसन डोनेनफेल्ड यांनी वायरगार्ड लिहिलं, तेही जेमतेम ४००० ओळींत. या क्षेत्रात हे म्हणजे महाकाव्य मागितलं आणि कवीनं अभंग दिला, असं झालं. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांच्या तोंडून कौतुक निघणं ही तशी दुर्मीळ घटना, पण २०१८ साली त्यांनीही या कोडला कलाकृतीची उपमा दिली. वायरगार्ड पोटात घेतलेलं लिनक्स ५.६ बाहेर आलं २९ मार्च २०२० ला. त्याच्या पाचच दिवस आधी, २४ मार्चच्या रात्री, आपल्याकडे टाळेबंदी जाहीर झाली होती. निव्वळ योगायोग. पण सगळं जग घरात जाऊन बसलं त्याच आठवड्यात बाहेर पडायला एक नवी वाट तयार असावी, ही गोष्ट मला अजूनही एकट्यालाच हसवते.

माझी मामेबहीण मंजू त्या टाळेबंदीत गुहागरजवळच्या गावी गेली ती परत आलीच नाही. पडवीत टेबल मांडून तिथूनच नोकरी करू लागली. गावात फायबर आलं तेव्हा तर तिचा शहराशी उरलासुरला धागाही तुटला. आणि मग एके दिवशी तिचा फोन.

"दादा, लॉगिन होतंय. चॅटवर सगळ्यांचे गुड मॉर्निंग येतायत. पण फाइल उघडायला गेलं की ठप्प."

"पिंग लागतंय?"

"मस्त लागतंय."

पाठीमागून मामीचा आवाज आला, "अगो, जरा थांब. आपोआप होतं ते."

पिंग मस्त लागतंय, हे वाक्य या धंद्यात फार फसवं. माइक म्यूस यांनी १९८३ च्या डिसेंबरात पिंग लिहिलं तेव्हापासून ते अवघे ५६ बाइट घेऊन पलीकडे जातं, खुशाली विचारतं आणि परत येतं. पाठीवर ओझं नसलेल्या माणसाला कुठलीही वाट सोपी वाटते. मंजूची वाट तुटलेली नव्हती. छोटं सगळं जात होतं. मोठं काहीच जात नव्हतं. गुड मॉर्निंग पोचायचं, काम पोचायचं नाही. काही कचेऱ्या वर्षानुवर्षं अशाच चालतात हे खरं, पण मंजूची कंपनी लहान होती; तिला हे परवडणारं नव्हतं.

इथे थोडी वजाबाकी करावी लागते. इथरनेटच्या तारेवरून एका वेळी जास्तीत जास्त १५०० बाइटांचं पॅकेट जातं. हा आकडा १९८० च्या सुमारास ठरला. तारा बदलल्या, वेग हजारो पटींनी वाढले, आकडा तिथेच. आता बोगदा अंगाभोवती गुंडाळायचा तर त्या गुंडाळीलाही जागा हवी. आयपीव्ही ६ च्या रस्त्यावर वायरगार्डची गुंडाळी ८० बाइटांची होते. पत्त्याचे ४०, यूडीपीचे ८ आणि कुलूपकिल्लीचे ३२. १५०० तून ८० गेले, राहिले १४२०. म्हणून वायरगार्ड आतल्या पॅकेटांना १४२० ची मर्यादा घालतं. चौथीतलं पोर करील असा हिशेब. पण मंजूच्या घरची फायबर जोडणी पीपीपीओई पद्धतीची होती, आणि ही पद्धत प्रत्येक पॅकेटामागे स्वतःचे ८ बाइट कापून घेते. रस्ता उरला १४९२ चा, आणि वायरगार्डचं पूर्ण भरलेलं पॅकेट बरोबर १५०० चं. सगळा अडथळा ८ बाइटांचा. 'मामी' एवढा शब्द संगणकात साठवायलाही १२ बाइट लागतात.

वायरगार्ड सुरू करून देणारं छोटं साधन तसं हुशार आहे. ते आपल्या यंत्राला लागलेल्या जोडणीचा आकार बघतं आणि त्यातून ८० वजा करतं. मंजूच्या लॅपटॉपला लागलेली जोडणी १५०० चीच होती. कपात व्हायची ती राउटरच्या पाठीमागे, जिथे लॅपटॉपची नजर पोचत नाही. आणि अशा वेळी काय करावं, याचीही सोय जाणत्यांनी फार पूर्वी करून ठेवली आहे. आरएफसी ११९१ हा दस्तऐवज १९९० सालचा. पॅकेट मोठं पडलं तर वाटेतल्या राउटरनं ते टाकून द्यावं, पण टाकताना पाठवणाऱ्याला कळवावं, की एवढं जात नाही, अमुक आकाराचं पाठव. आयपीव्ही ६ मध्ये तर वाटेतल्या राउटरला पॅकेटाचे तुकडे करायची मुभाच नाही. तिथे हे कळवणं हाच एकुलता एक आधार. किती सभ्य व्यवस्था! फक्त हा निरोप येतो आयसीएमपीवरून, आणि आयसीएमपी म्हटलं की अनेक फायरवॉलवाल्यांच्या कपाळाला आठी पडते. यातून हल्ले होतात म्हणे. बंद करा सरसकट. मग वाटेतला राउटर कळकळीनं सांगत राहतो आणि मंजूच्या कंपनीच्या सर्व्हरच्या दारातली फायरवॉल प्रत्येक निरोप न वाचताच टाकून देते.

पॅकेटं पोचवायची हमी घेतलेल्या सर्व्हरवरच्या टीसीपीला यातलं काहीच ठाऊक नसतं. त्याला वाटतं, रस्त्यात गर्दी असेल. तो थांबतो आणि तेच पॅकेट, त्याच आकाराचं, पुन्हा पाठवतो. मग आधीच्या दुप्पट थांबतो, पुन्हा पाठवतो. मग त्याच्या दुप्पट. लिनक्सवर तो असा १५ वेळा प्रयत्न करतो आणि सगळं मिळून पंधरा मिनिटांहून जास्त वेळ आशा सोडत नाही. पडद्यावरच्या त्या फिरत्या चाकाच्या मागे एवढी चिकाटी बसलेली असते हे कळल्यापासून मी त्या चाकावर चिडत नाही. (अशा दोन चिकाट्या एकात एक घालू नयेत, म्हणजे टीसीपीच्या बोगद्यातून टीसीपी नेऊ नये, असं जाणकार सांगतात. एक पॅकेट हरवलं की आतला आणि बाहेरचा दोघेही तेच काम पुन्हा करू लागतात, आणि परस्परांच्या काळजीनं दोघांचाही श्वास कोंडतो. घराघरांत याची उदाहरणं आहेत. नावं घेत नाही.)

हे सगळं आज सांगायला सोपं. पण त्या वेळी हातात होती ती एवढीच तक्रार, की फाइल उघडत नाही. अशा वेळी मला माझे चुलते आठवतात. आप्पा पंचायत समितीच्या कचेरीत आवक-जावक लिपिक होते. त्यांच्या टेबलावर लाल कापडी बांधणीची दोन जाडजूड रजिस्टरं, शाईची गादी, टाचण्यांची डबी आणि बोट ओलं करायला पाण्यात भिजवलेला स्पंज. शाळेला सुट्टी असली की मी तिथे जाऊन बसायचो. कुणीतरी शेतकरी यायचा, टोपी काढून हातात धरायचा आणि विचारायचा, "साहेब, माझा अर्ज कुठं हरवला?" आप्पा कधीच उत्तर द्यायचे नाहीत. बोट स्पंजला लावून जावक रजिस्टर उघडायचे, नंबर आणि तारीख एका चिठ्ठीवर लिहायचे आणि म्हणायचे, "हा घ्या जावक नंबर. आता जिल्ह्याला जाऊन आवक बघा. तिथं नसला तर मधे कुठंतरी बसलाय." सरकारी दप्तरात कागद हरवत नाही, थांबतो, असा त्यांचा सिद्धान्त होता. राग, तर्क, शिफारस यांतल्या कशावरही त्यांचा विश्वास नव्हता. इथून निघाला का? तिथं पोचला का? या दोन प्रश्नांच्या मधली जागा ते इतकी चिंचोळी करत न्यायचे, की शेवटी त्या जागेत एखादा शिपाई, एखादी सायकल किंवा रजेवर गेलेला अधिकारी सापडायचाच.

टीसीपीडम्प नावाचा प्रोग्रॅम हा आमचा आवक-जावक लिपिक. तो मत देत नाही. कोणतं पॅकेट किती वाजता, कुठून कुठे, किती लांबीचं गेलं, एवढीच नोंद एकेका ओळीत करत राहतो. मंजूच्या कंपनीत सर्व्हर सांभाळणारा एक तरुण मुलगा होता, त्याला मी फोनवर धरलं. त्यानं त्याच्या टोकाला टीसीपीडम्प लावला, मंजूनं तिच्या टोकाला, आणि मी मधे बसून दोघांची रजिस्टरं ताडू लागलो.

"सर, माझ्याकडून यूडीपी, लांबी १२८ गेलं."

"आलं," मंजू म्हणाली.

"१४५२ गेलं."

मंजू गप्प.

"परत १४५२. परत तेच."

मागे कोंबडी ओरडली, मामीनं तिला हाकललं, आणि मंजू म्हणाली, "दादा, १४५२ असं काही इकडे येतच नाहीये."

१४५२ मध्ये यूडीपीचे ८ आणि पत्त्याचे ४० मिळवले की होतात १५००. आप्पा असते तर म्हणाले असते, मधे कुठंतरी बसलाय. त्यांचा सिद्धान्त इथे मात्र थोडा लंगडा पडतो. नेटवर्कवर कागद बसून राहत नाही. खरोखरच नाहीसा होतो, त्याची रद्दीसुद्धा उरत नाही. पण शोधायची रीत तीच. वायरगार्डच्या सेटिंगमध्ये पॅकेटाचा कमाल आकार ठरवणारी एमटीयू म्हणून एक ओळ असते, तिथे आम्ही १४१२ लिहिलं. पुढच्याच क्षणी फाइल उघडली. मंजूला वाटलं मी काहीतरी मोठं केलं. मामीला वाटलं आपोआप झालं.

मामीच्या या 'आपोआप'ची मी मनातल्या मनात थट्टा करायचो. पुढच्या पावसाळ्यात तिनं ती वसूल केली. मंजूनं तोवर घरातल्या सगळ्या यंत्रांसाठी रास्पबेरी पाय नावाचा एक छोटा संगणक आणून बोगदा त्याच्या गळ्यात घातला होता. पावसात वीज जायची, यायची. आणि आली की व्हीपीएन मात्र बराच वेळ लागायचा नाही. मंजू चडफडायची. मामी म्हणायची, "तासाभरात आपोआप होतं." आणि व्हायचं! नोंदी तपासल्या तेव्हा कारण सापडलं. मंजूच्या या छोट्या यंत्रात बॅटरीवर चालणारं घड्याळ नव्हतं. मग एक प्रोग्रॅम दर तासाला चालू वेळ लिहून ठेवतो, आणि वीज गेल्यावर यंत्र जागं होतं ते त्या शेवटच्या लिहिलेल्या वेळेत. जग पुढे गेलेलं असतं. याच्या लेखी अजून दुपारचे तीनच. वायरगार्डच्या हँडशेकवर वेळेचा शिक्का असतो, आणि प्रत्येक नवा शिक्का आधीच्यापेक्षा पुढचाच असावा लागतो, नाहीतर कुणी जुनं पॅकेट चोरून पुन्हा पाठवत असेल असा संशय येतो. त्यामुळे हे बापुडं यंत्र भूतकाळातून दार वाजवत बसायचं आणि सर्व्हर ओळख देत नसायचा. खरी वेळ इंटरनेटवर विचारावी, तर इंटरनेटची वाट बोगद्यातून. बोगद्यात शिरायला वेळ बरोबर हवी, वेळ बरोबर करायला बोगद्यात शिरायला हवं. अखेर यंत्राचं घड्याळ आपल्या पायानं चालत चालत शेवटच्या हँडशेकच्या वेळेला ओलांडायचं, आणि दार उघडायचं. जास्तीत जास्त तासाभरात. मामीचं निदान मिनिटाच्या हिशेबात बरोबर होतं. वेळ विचारणारी पॅकेटं बोगद्याच्या बाहेरून सोडली आणि प्रश्न मिटला; पण मी तिला अजून ते सांगितलेलं नाही. तिला वाटतं, यंत्राला गावाची सवय झाली.

या दोन्ही बिघाडांत मला गंमत वाटते ती गप्प बसण्याची. वायरगार्ड मुद्दाम गप्प बसतं. ज्याची किल्ली जुळत नाही त्याला ते 'नाही' असंसुद्धा म्हणत नाही. बाहेरून चाचपणाऱ्याला तिथे काही आहे याचा पत्ताच लागू नये, ही त्यामागची योजना. ते मौन चारित्र्याचं. फायरवॉल गप्प बसली ती नुसत्या धास्तीनं. पण बाहेर उभ्या असलेल्या माणसाला दोन्ही मौनं सारखीच दिसतात, आणि त्यातलं कुठलं कुठलं हे ठरवण्यात माझ्यासारख्यांच्या संध्याकाळी जातात. माणसांच्या बाबतीत याहून वेगळं आहे असा माझा अनुभव नाही. तिथे टीसीपीडम्पही लावता येत नाही.

मंजूच्या प्रकरणानंतर मी बोगदे उभारून देणाऱ्या एका छोट्या ओपन सोर्स साधनात दुरुस्ती सुचवली. कल्पना माझी नाही. २००७ सालच्या आरएफसी ४८२१ मध्ये तिचा पूर्ण विचार आहे. वाटेतल्या कुणी कळवण्याची वाट बघू नका, स्वतःच एक मोठं पॅकेट पाठवून बघा. उत्तर आलं नाही तर लहान पाठवा. बदल मोजक्या ओळींचा होता. तो तपासणारा गृहस्थ पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूला कुठेतरी राहतो. माझी रात्र झाली की त्याचा दिवस सुरू होतो. त्याचं नाव मला माहीत नाही, टोपणनाव माहीत आहे. त्यानं कोडला हात लावला नाही. फक्त लिहिलं, की बदल ठीक आहे, पण कारण लिहा. पाच वर्षांनी कुणीतरी ही ओळ निरुपयोगी समजून काढायला येईल, त्याला कळलं पाहिजे. मग मी कारण लिहिलं. पीपीपीओई, ८ बाइट, हरवलेला निरोप, सगळं. कोडपेक्षा कारण लांब झालं. पाच वर्षांनी येणाऱ्या त्या अनोळखी माणसाची काळजी करणारा हा दुसरा अनोळखी माणूस मला आप्पांच्या टेबलाशेजारी बसवावासा वाटतो. दोघांची भाषा वेगळी, पण दोघांनाही नोंद अपुरी सोडवत नाही.

वाचकांत कुणी फायरवॉल सांभाळणारे असतील तर त्यांना हात जोडून एक विनंती आहे. आयसीएमपी सरसकट बंद करू नका. आयपीव्ही ४ वर टाइप ३ कोड ४ आणि आयपीव्ही ६ वर टाइप २, एवढे निरोप तरी आत येऊ द्या. आयपीव्ही ६ चा तो निरोप अडवू नये, असं २००७ सालच्या आरएफसी ४८९० मध्येही स्पष्ट लिहिलेलं आहे. आणि ज्यांच्या हाती फायरवॉल नाही, फक्त फिरतं चाक आहे, त्यांनी आमच्यासारख्यांना फोन करताना 'काहीच चालत नाही' असं सांगू नये. काय काय चालतंय, ते आधी सांगावं.